फळ्यावरची दुसरी ओळ

“मग तुम्हीच सांगा बाबा, पंखा फिरला म्हणून ढग पळतो का?”

पवनचक्की कंपनीचा इंजिनीअर महादेव ठोंबरे मठाच्या पायरीवर उभ्यानंच विचारत होता. बाहेर त्याची जीप चालू होती. आत ड्रायव्हर गार हवा खात बसला होता.

रेवणनाथबाबा सुपात ज्वारी निवडत होते. “गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. बसून बोल.”

महादेव बसला. जीप चालूच राहिली.

पठारावर पवनचक्क्या उभ्या राहून नऊ वर्षं झाली होती. त्यांतली शेवटची तीन पावसाविना गेली. पाती ढग कापतात, असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. परवा एका मोडक्या पात्याच्या जागी नवं पातं घेऊन ट्रेलर आला, तेव्हा अख्खं गाव रस्त्यात बसलं. ते अजून उठलं नव्हतं. उद्या सकाळी पोलीस त्यांना उचलणार होते. पुढच्याच रांगेत महादेवचे चुलते तात्या होते. बाप गेल्यावर तात्यांनीच त्याला इंजिनीअर केलं होतं.

“दोन तास समजावलं,” महादेव म्हणाला. “पावसाचे तक्ते दाखवले. तात्यांनी कागद हातात घेतला, चाचपला आणि म्हणाले, कोरडाच आहे की रे.”

बाबा हसले. सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

“हसू नका बाबा. उद्या त्यांना हाताला धरून गाडीत कोंबतील. मी बघत उभा राहायचं?”

“मी काय करू?”

“फळ्यावर लिहा.”

मठाच्या दाराशी एक काळा फळा होता. दर सोमवारी बाबा त्यावर ओळ-दोन ओळी लिहीत. गाव येता-जाता त्या वाची आणि बहुधा मानी.

“पंखा ढग पळवत नाही, हे खरं आहे?” बाबांनी विचारलं.

“शंभर टक्के.”

“मग तूच लिही. अक्षर तुझं, फळा माझा.”

महादेवनं खडू घेतला. याच मठात तो बाराखडी शिकला होता. लिहिताना पाठीवर बाबांची नजर आहे, हे त्याला न वळता कळत होतं. त्यानं ठळक अक्षरात लिहिलं :

*पंख्यांमुळे पाऊस जात नाही.*

जरा थांबून त्यानं खाली आणखी एक ओळ लिहिली :

*माणसाच्या करणीनं ढग हलत नसतात.*

“झालं,” तो म्हणाला. “आता वाद मिटला.”

बाबा उठले. त्यांनी फळ्यासमोर येऊन दोन्ही ओळी वाचल्या.

पोरांची पाटी चुकली तरी बाबा ती सगळी कधी पुसत नसत. बोट ओलं करून चुकलं तेवढंच पुसायचं, ही त्यांची जुनी रीत. महादेवला ती आठवली, कारण बाबांनी आता बोट तांब्यात बुडवलं होतं.

त्यांनी दुसरी ओळ पुसली.

“बाबा…”

“शहरात तुझी भाषणं असतात म्हणे.”

“असतात.”

“काय सांगतोस?”

महादेवनं हातावरचा खडू झटकला.

“सांग की. मी काही तिकडं येत नाही ऐकायला.”

“हेच… की माणसानं धूर इतका केला की पावसाची घडी विस्कटली. म्हणून पवनचक्क्या लागतात.”

“पटतं लोकांना?”

“माना डोलावतात. मग आपापल्या गाडीत बसून घरी जातात.”

“आणि इथं?”

“इथं ते बोललोच नाही. म्हटलं, यांना कुठं…” त्यानं वाक्य सोडून दिलं.

बाबा पुन्हा सुपाशी बसले.

“शहरात जे पटवताना तुझा घसा बसतो, त्यातलं अर्धं इथल्या लोकांना आधीच पटलंय, म्हादू. माणसाच्या करणीनं ढग जातो म्हणूनच तर ते उन्हात बसलेत. तेवढंच पुसायला निघाला होतास.”

फळ्यावर ओल्या बोटाचा पट्टा वाळत होता. वरची ओळ तशीच होती.

“आता त्या जागी खरं लिही,” बाबा म्हणाले. “कुणाच्या करणीनं, ते.”

महादेवनं खडू टेकवला. मग परत उचलला. बाहेर जीप घुरघुरत होती.

तो बाहेर गेला. ड्रायव्हरला काहीतरी बोलला. आवाज थांबला. एकाएकी पवनचक्क्यांची घरघर मठापर्यंत ऐकू येऊ लागली.

परत येऊन त्यानं लिहिलं : *पावसाची घडी धुरानं विस्कटली; त्यात माझ्या जीपचाही धूर आहे.* मग खडू खाली ठेवून म्हणाला, “बाबा, हे वाचलं तर उद्या ते पात्यापुढून उठतील आणि माझ्या जीपपुढे बसतील.”

“बसतील.”

“मग मी काय करू?”

बाबांनी सूप पाखडलं. फोल वाऱ्यावर गेलं.

“तात्यांच्या शेजारी जागा असेल. तूही बस.”