सात नंबरचा सेल

“आणि बाकीचे अकरा?” आठल्येसरांनी विचारलं.

वरद सोनटक्के थबकला. गेला अर्धा तास तो एकाच सेलबद्दल बोलत होता.

“ते वाईट बनले होते, सर. मेले.”

“कशाने मेले?”

“बनवतानाच काहीतरी... तुम्हाला माहीतच आहे. बारा बनवावेत तेव्हा एक साधतो.”

खोटं नव्हतं ते. विद्यापीठाच्या त्या बॅटरीच्या प्रयोगशाळेत सगळेच बारा सेल बनवत आणि एकाचा आलेख छापत. उरलेले डब्यात. यात गैर ते काय, असंच सगळ्यांना वाटे.

वरदचा सेल कोटाच्या बटणाएवढा होता. चाचणीच्या मशीनवर तो चार्ज व्हायचा, रिकामा व्हायचा, पुन्हा चार्ज व्हायचा. अशा बाराशे फेऱ्या झाल्या तरी दमला नव्हता. साडेचार वर्षांनी हाती लागलेलं ते यश आता वरदच्या चालण्यातही दिसायला लागलं होतं. मार्गदर्शक म्हणून आठल्येसरांची प्रबंधावर सही झाली की काम फत्ते. आज सोमवार, शुक्रवार शेवटचा दिवस. सही नाही झाली, तर जर्मनीत मिळालेली संशोधनाची जागा हातची जाणार.

“याच रसायनावर उद्या घाटातून बस धावेल, सर. धूर नाही, आवाज नाही.”

“एका बसला असे किती लागतील?”

“मोठे बनवले तरी... काही हजार.”

“आणि तुझ्याकडे आहे एक.”

वरद हसला. सर हसले नाहीत.

“मशीनवरून काढून आण तो. अकराही आण.”

वरदने ट्रे आणला. प्रत्येक सेल आपापल्या प्लास्टिकच्या पुडीत होता. बाराशे फेऱ्यांच्या त्या सात नंबरच्या सेलची पुडी मात्र त्याने मुठीत धरून आणली होती.

सरांनी हात पुढे केला. ती पुडी घेतली, ट्रेमध्ये ठेवली... आणि पत्ते पिसावेत तशा बाराही पुड्या पिसून टाकल्या.

“सर!”

“काय झालं?”

“त्याच्यावर खूण नव्हती!”

खूण असणार तरी कशी? मशीनला बारा चिमटे होते. सेल ज्या चिमट्यात बसेल, तोच त्याचा नंबर. वर्षानुवर्षं हे असंच चालत आलेलं.

“असं कसं केलंत तुम्ही?” वरदचा आवाज चढला.

“एवढा गुणी सेल. ओळखू येईलच की.”

वरदने ट्रे उचलला आणि दार आपटून निघून गेला. राग येण्यासारखंच होतं ते.

...

शुक्रवारी दुपारी तो परत आला. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातात प्रबंध. दाढी वाढलेली.

“सर, आठ चालताहेत.”

“अकरा मेले होते ना?”

“मेले होते. म्हणजे... मशीन तसं दाखवत होतं.”

“मग?”

“चिमटे बदलून पाहिले. चारमध्ये लावला तो पडला. तोच सातमध्ये लावला, तर उठून बसला.”

“म्हणजे दोष चिमट्यांचा.”

“मलाही तसंच वाटलं. पण दोन सेल कुठल्याच चिमट्यात चालत नाहीत.”

“मग दोष सेलचा.”

“तसं म्हणावं, तर उरलेले दोन कधी चालतात, कधी नाही. चिमटा तोच, सेल तोच...”

वरदने ट्रे टेबलावर ठेवला.

“माझं रसायन चांगलं आहे की वाईट, सर?”

“सोमवारी काय होतं?”

“सोमवारी चांगलं होतं.”

“आता?”

वरद खुर्चीत बसला.

“आता मला काहीच कळत नाहीये. साडेचार वर्षं मी काय मोजत होतो, तेसुद्धा.”

त्याचे डोळे भरून आले होते. मला विचाराल, तर हे वाक्य त्या प्रयोगशाळेत त्याआधी कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. वरद प्यायला. मग त्याने घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

“पाचपर्यंत द्यायचाय, सर... सही.”

त्याने प्रबंध पुढे ठेवला. वरच्याच पानावर ठळक अक्षरांत नाव होतं : बाराशे फेऱ्या पूर्ण करणारा सेल.

सरांनी ते सावकाश वाचलं. खिशातून पेन काढलं. टोपण काढून पेनाचं टोक सहीच्या जागेवर टेकवलं.

“करतो की,” ते म्हणाले. “तो सेल तेवढा दाखव.”