मार्थाबाईचे हात

गोदावरीच्या काठी शेवरगाव नावाचे लहानसे गाव. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत मातीच्या भिंतींचे एक प्रार्थनामंदिर होते. एका हिवाळ्यात शमुवेलबाबांचा मुक्काम तिथे पडला. खांद्याला झोळी, हातात चिपळ्या. बाबा प्रभूचे कीर्तन करीत गावोगाव फिरत.

बाबांच्या कीर्तनाला न चुकता येणाऱ्यांत मार्था सुईण होती. पंचक्रोशीत तिच्या हाताला यश होते. आडवे आलेले मूल ती नुसते चाचपून सरळ करी. पण तिच्या मनात दोन वर्षांपासून एक काटा सलत होता. भागीरथीबाई देशमुखांच्या सुनेला पहिली मुलगी झाली, तेव्हा भागीरथीबाईंनी, "तुझा पायच पांढरा!" म्हणून मार्थाला अंगणातूनच हाकलले होते. त्या दिवशी मार्थाने शपथ घेतली, की या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही.

पुढे त्या सुनेला, यमुनेला, पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात ती घाटावर भेटली. "मावशी, पोटात सारखी कळ येते. जरा हात लावून बघता का?" मार्थाने तोंड फिरवले, घागर उचलली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिला पीठच लागेना. दहाही बोटे बधिर! वैद्याचे तेल झाले, शेक झाला, उपास-प्रार्थना झाल्या. गुण काही येईना. वाटेत भागीरथीबाईंनी तिला गाठून चारचौघींत हसून विचारले, "काय गं, आपल्याच माणसाचे हात मोडणारा हा कसला तुझा देव?"

मार्था रडत बाबांकडे आली. "बाबा, वीस वर्षं त्याचं नाव घेतलं. गावात एवढे लबाड आहेत, त्यानं मलाच का धरलं?"

बाबांनी विचारले, "शेजारणीचं पोर चिखलात लोळलं तर तू काय करतेस?"

"त्याच्या आईला हाक मारते."

"आणि तुझं लोळलं तर?"

"ओढून आणते, दोन धपाटे घालते."

"ते का?"

"माझं आहे म्हणून..." मार्था बोलता बोलता थांबली.

बाबा म्हणाले, "प्रत्येक दुखणं म्हणजे देवाची शिक्षा, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या दुखण्याकडे बोट दाखवून असं कुणी बोलूही नये. पण तुझं तुला काही ठाऊक आहे का?"

मार्थाने मान खाली घातली. मग तिने त्या अपमानाची आणि घाटावरची गोष्ट सांगितली.

"तुझा अपमान झाला, त्याचा जाब देव त्यांना विचारील," बाबा म्हणाले. "पण त्या लेकीनं तुझं काय वाईट केलं होतं? जा, तिची माफी माग."

पण त्या उंबऱ्याकडे मार्थाचे पाऊल उचलेना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता यमुनेचे दिवस भरले. एका सकाळी गावात बातमी पसरली, की मूल आडवे आले आहे, दुसऱ्या सुईणीने हात टेकले आणि डॉक्टर आणायला गेलेली बैलगाडी संध्याकाळपर्यंत परतायची नाही. मार्थाला कोणी बोलावले नाही. बधिर हातांची सुईण काय कामाची?

"हे हात घेऊन कशाला जाऊ, बाबा?" ती म्हणाली.

"हातांसाठी नको जाऊस. माफीसाठी जा. आता तरी जा!"

मार्था धावतच निघाली. दारात भागीरथीबाई उभ्या होत्या. "हसायला आलीस?"

"नाही बाईसाहेब. यमुनेची माफी मागायला आले."

आतून यमुनेचे क्षीण कण्हणे ऐकू आले आणि भागीरथीबाई नकळत बाजूला झाल्या. मार्था बाजेशी गुडघे टेकून बसली. "पोरी, त्या दिवशी मी तोंड फिरवलं. मला माफ कर." यमुनेने डोळ्यांनीच होकार दिला. मार्थाने आपले मेलेले हात तिच्या पोटावर ठेवले. "बापा, तू मला मारलंस, बरं केलंस. माझे हात असेच राहिले तरी राहू देत, पण ह्या लेकीला वाचव."

आणि काय सांगावे! तळहाताला ऊब लागली. मग काहीतरी इवलेसे, टणक, हळूच ढोसून गेले.

"टाच!" मार्था ओरडली. "अहो, बाळाची टाच लागली हाताला!"

बोटे आपोआप वाकू लागली. घामाने निथळत, देवाचे नाव घेत तिने बाळाला तसूतसूने फिरवले. दुपारी घरात बाळाचे रडणे उमटले. मुलगीच झाली होती. मार्थाने भीतभीत वर पाहिले. भागीरथीबाईंनी नातीला छातीशी धरले आणि त्या हुंदके देऊ लागल्या.

रविवारी त्या अनवाणी प्रार्थनामंदिरात आल्या आणि बाबांच्या पायांवर वाकल्या. बाबा झटकन मागे सरले. "माझ्या पायांत काही नाही, बाई."

"बाबा, अपराध माझा मोठा," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मग त्यानं मला का नाही मारलं?"

बाबा प्रेमळपणे म्हणाले, "मग हे डोळ्यांत पाणी कुणी आणलं?"

भागीरथीबाई वळून मार्थापुढे बसल्या, तिचे दोन्ही हात ओढून घेतले आणि सगळ्या वस्तीदेखत त्या हातांवर आपले कपाळ टेकले.

पित्याचा मार खाऊनही ज्याने त्याचे बोट सोडले नाही, ते लेकरू धन्य!