लाल बोयापाशी थांबलेली होडी

खाडीवर जकातमाफ बंदर झालं. तिथल्या जहाजांना गोडं पाणी पोचवायचा धंदा काढावा म्हणून चांगुणा नाखवीण परवाना मागायला गेली.

बंदराचे अधिकारी अष्टपुत्रे साहेब म्हणाले, “आधी होडी धक्क्याला आणून दाखवा. मात्र परवान्याशिवाय होडी हद्द दाखवणाऱ्या त्या तरंगत्या लाल बोयाच्या आत आणायची नाही.”

सहा महिने हेच उत्तर मिळालं.

एकदा साहेबांची लाँच बिघडली आणि धक्क्यावरच्या कचेरीत जायला ते चांगुणाच्या होडीत बसले. लाल बोयापाशी तिने वल्हं आत घेतलं.

“का थांबलात?”

“परवाना नाय, सायेब.”

“मग मी कचेरीत पोचणार कसा?”

तिने अर्ज पुढे केला. “होडी बघून झाली असंल तर सही करा. नसंल तर सावकाश बघा. ओहोटी लागलीय, आता ती गाळातच बसंल.”

साहेबांनी पेन काढलं.