हौसा कुंभारणीची ओळख

जात्यावर बसताना येसूला काहीतरी खुपलं. हरभऱ्याएवढं. आमच्या निंबोडीत ही गोष्ट इथूनच सुरू करतात. फार फार वर्षं झाली तिला.

येसू कुंभाराची थोरली सून. तिनं वैद्यबुवांना सांगितलं, "पोटात दुखतंय." त्या काळी कुठंही दुखलं तरी बायका पोटच सांगायच्या. बुवांनी ओव्याचा काढा दिला. हरभऱ्याचं लिंबू झालं. काढा दुप्पट झाला. ताप चढला, पाऊल उचलेना.

तिची धाकटी जाऊ हौसा चाकावर होती. तिनं विचारलं, "नेमकं कुठं गं, अक्का?"

"तिथं."

"तिथं म्हणजे?"

"खाली गं! मेले तरी तोंडानं सांगायची नाही."

"मग बोटानं सांग," म्हणत हौसानं ओल्या मातीचा गोळा घेतला. बाहेरचे मोठे ओठ केले, आतले पातळ ओठ केले. वर, ते जुळतात तिथं, कळीएवढी शिश्निका. तिच्याखाली लघवीचं बारीक छिद्र, त्याखाली योनीचं दार. येसूनं डोळे मिटले आणि दाराच्या खालच्या कडेला, डावीकडं बोट टेकवलं. असं म्हणतात, तेवढीच माती निखाऱ्यासारखी तापली.

हौसा ती माती घेऊन बुवांकडं गेली. बुवा कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे देवा, आणि मी पोटाला काढे पाजतोय!" त्यांनी येसूला रोज कोमट पाण्यात बसवायला सांगितलं. चौथ्या दिवशी गाठ फुटली, ताप उतरला. येसू पुढं नातसुना बघून गेली.

पाटील मात्र काठी घेऊन आले. "फोड ते मातीचं!"

हौसा म्हणाली, "तात्या, तुम्ही ह्याच दारातून आलात. तेव्हा नव्हतात लाजला."

पाटलांनी काठी उचलली. असं म्हणतात, ती खाली आलीच नाही. सात गावच्या बाया येऊन बोट टेकवून गेल्या, तोवर पाटील तसेच उभे होते.

आजही निंबोडीत नव्या सुनेच्या ओटीत नारळाबरोबर भाजलेल्या मातीची 'ओळख' घालतात. सासू एकेक भाग नावानिशी सांगते. आणि जिला सांगायला तोंड नाही, ती हौसाच्या भट्टीशी जाऊन हाक मारते. ज्या बाईला ती आधी ऐकू येईल तिनं हातचं काम टाकून यायचं. 'कशाला' विचारायचं नाही.

कॉलेजात ही सगळी नावं मी पाठ करून मार्क मिळवले होते. तरी परवा भट्टीशी उभी राहिले तेव्हा पाचोळा वाजला तरी दचकत होते. पहिल्या हाकेला आवाजच फुटला नाही. दुसरीला टिटवी उडाली. तिसऱ्यांदा डोळे मिटून ओरडले, "हौसाबाय गं!"

पलीकडच्या उसातून खणखणीत आवाज आला,

"ओ गं बाय! आले. तू माती भिजवून ठेव."