कोंडाजीचा नायटा

हिंगणवाडीत एक भोळा दोरवळ्या होता, कोंडाजी नावाचा. इतका भोळा, की सांगितलेलं सगळं करायचा. आणि सांगितलं तसंच करायचा.

एकदा त्याच्या दंडावर नायटा उठला. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी मलमाची नळी दिली. म्हणाल्या, "खाज सुटेल तिथं लावा."

कोंडाजीला खाज सुटली बाभळीखाली, दोर वळताना. त्यानं बाभळीच्या बुंध्याला मलम चोपडलं. दुपारी खाज सुटली ओट्यावर. त्यानं ओटा सारवला. नळी संपली, नायटा वाढला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, झाडाला नाही, अंगाला लावायचं!"

"मग तसं सांगायचं की, बाई."

तो तीन नळ्या घेऊन घरी गेला आणि अंगाला मलम लावलं. टाळूपासून टाचेपर्यंत. चार दिवसांत कातडी तडतडायला लागली. बायको येसाबाई त्याला ओढत दवाखान्यात घेऊन गेली.

"धडधाकट कातडीला कशाला लावलंत?" बाई म्हणाल्या. "तिच्यावर डोळ्यांना न दिसणारे जंतू राहतात. त्यातले पुष्कळ चांगले. वाईट जंतूंना थारा देत नाहीत, आपली राखण करतात. भलतीकडे औषध चोपडलं की त्यांचीही घडी विस्कटते. त्यांना जपायचं."

कोंडाजीला गहिवरून आलं. एवढे राखणदार, आणि आपण त्यांना साधं पाणीसुद्धा विचारलं नाही! मग आठवलं, पाणी तर आपण रोज डोक्यावरून ओततो. त्यानं अंघोळच सोडली.

पंधरा दिवसांनी येसाबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "अहो, दोन तांबे तरी घ्या अंगावर!"

"बुडतील ना बिचारे!"

पुन्हा दवाखाना.

"अंघोळीनं कुणी बुडत नाही," बाई ओरडल्या. "रोज अंघोळ करा. मलम फक्त नायट्याला."

"पण गेलेले राखणदार?"

"येतील हळूहळू. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातच असतात. पण नायटाही तसाच जातो, तेव्हा…"

कोंडाजी तोवर रस्त्याला लागला होता.

रविवारी त्याच्या मुलीला, सुगंधाला, बघायला पाहुणे आले. येसाबाईनं बजावलं, "आज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

कोंडाजीनं अवाक्षर काढलं नाही. मुलाचे वडील रखमाजी चांगले गोरेपान, तुकतुकीत. यांच्याकडे राखणदार किती असतील! त्यानं रखमाजींना कडकडून मिठी मारली. गालाला गाल घासला, दंडाला दंड घासला. मग मुलाला. मग मुलाच्या मामाला. रखमाजींचे डोळे पाणावले. असा मायाळू माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "आठवड्यात कळवतो," म्हणाले.

आठवड्यानं रखमाजी स्वतःच दारात उभे. बाह्या वर सारलेल्या, दंड कराकरा खाजवताहेत. मागे मुलगा खाजवतोय. त्याच्यामागे मामा.

"कोंडाजी," रखमाजी गरजले, "हे काय दिलंत आम्हाला?"

कोंडाजी आनंदानं आत पळाला.

"अगं सुगंधे, साखर आण! सोयरीक जमली! पाव्हण्यांना आपले जंतू मानवले!"