आचारीबुवांची मूठ

एका गावात एक आचारी होता. तशा चुली गावात घरोघरी होत्या, पण लग्नामुंजीचा स्वयंपाक म्हटला की नाव एकच, आचारीबुवांचं. लग्नाचा दिवस ठरवायला मुलीचा बाप आधी आचारीबुवांकडे जाई आणि मग भटजींकडे. भटजी यावरून रुसून बसत, पण बुवांचा मसालेभात समोर आला की रुसवा विसरत.

बुवांची एक पद्धत होती. देवाला नैवेद्य दाखवण्याआधी अन्न चाखायचं नाही, हे तर सगळेच पाळतात. बुवा नैवेद्यानंतरही चाखत नसत. त्यांचं सगळं माप मुठीत होतं. कोणत्या पातेल्याला किती मुठी मीठ, हे त्यांना ठाऊक आणि फक्त त्यांनाच ठाऊक. मीठ घालायची वेळ आली की ते हाताखालच्या माणसांना म्हणत, "पाठ करा." सगळे निमूटपणे चुलीकडे पाठ करून उभे राहत. मग बुवा म्हणत, "हं, वळा," आणि कामं पुन्हा सुरू होत.

या पाठ करणाऱ्यांत धाकटाही असे. धाकटा म्हणजे बुवांच्या हाताखालचा आचारी. तरुणपणी तो बुवांकडे आला तेव्हा लोकांनी त्याला हे नाव ठेवलं आणि ते तसंच राहिलं. आता धाकट्याचे केस पांढरे झाले होते, मांडीवर नातवंडं खेळत होती, तरी मिठाच्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून उभा राही.

पंगत उठली की बुवांचा आवडता कार्यक्रम असे. पानं उचलण्याआधी ते खांद्यावर पंचा टाकून ओळीतून एक फेरी मारत. आपल्याकडे पानावर सगळ्यात आधी मीठ वाढतात. ज्याला आमटीभाजीत कमी वाटेल त्याने त्यातलं घ्यावं. बुवांचं लक्ष त्या मिठावर असे. भात संपलेला, जिलबी संपलेली आणि मिठाची चिमूट मात्र जशीच्या तशी, हे पाहिलं की त्यांचा चेहरा असा काही फुले की बघणाऱ्यालाही बरं वाटे. मग ते घरी जात. दिवसभर वाफेत उभं राहिल्यावर ते जेवण त्यांना जात नसे. बायकोने सकाळीच झाकून ठेवलेला दहीभात खायचा आणि आडवं व्हायचं, हा त्यांचा नेम.

अशी वर्षं गेली आणि बुवा म्हातारे झाले. बायको म्हणे, "अहो, आता पुरे करा. धाकट्याला करू द्या की."

बुवा म्हणत, "ज्या दिवशी पानावरचं मीठ संपलेलं दिसेल, त्या दिवशी पळी खाली ठेवीन. अजून तरी कुणी बोट लावलेलं नाही."

यावर ती पदराच्या गाठीशी चाळा करत कामाला लागे.

एकदा गावातल्या विणकराच्या मुलीचं लग्न निघालं. वऱ्हाड लांबून आलं होतं. पहिल्या पंगतीला एका ओळीत वऱ्हाडी बसले, समोरच्या ओळीत गावची मंडळी. जेवणं झाली, हात धुवायला सगळे उठले आणि बुवा पंचा टाकून फेरीला निघाले.

गावच्या ओळीत मीठ जागच्या जागी होतं. बुवा खुशीत वळले आणि वऱ्हाड्यांच्या ओळीपाशी थबकले. तिथे एकाही पानावर मिठाचा कण नव्हता. काहींनी तर आमटी तशीच टाकली होती.

'या लोकांची जीभच खारट दिसते,' असं त्यांनी मनाला समजावलं. तेवढ्यात गावच्या ओळीतल्या एका पाटाशेजारी कुणाची तरी चंची पडलेली दिसली. पान-सुपारी कुणाची राहिली म्हणून त्यांनी ती उचलली. आत सुपारी नव्हती. बारीक कुटलेलं मीठ होतं.

बुवा चंची घेऊन सरळ बायकोकडे गेले. ती मागच्या अंगणात बायकांबरोबर पोळ्या लाटत होती.

"ही कुणाची गं?"

तिने चंचीत पाहिलं आणि लाटणं खाली ठेवलं. "कुणाचीही असेल. आता सगळ्यांच्याच चंचीत ते असतं." मग तिने आपल्या पदराची गाठ सोडून दाखवली. तिच्यातही मीठच होतं.

"तूसुद्धा?"

"तुमचा हात वाळलाय हो. माप मुठीचंच आहे, पण त्या मुठीत आता मावतं किती? लोक जेवायला बसतात, घरून आणलेलं मीठ गुपचूप घालतात आणि पानावरचं तसंच ठेवतात. फेरी मारताना तुमचा चेहरा बघितला की सांगायला कुणाचं तोंडच उघडत नाही."

बुवांना आधी राग आला आणि मग रडूच आलं. गावाने आपल्याला फसवलं याचं वाईट वाटत होतं, आणि एवढ्या मायेने फसवलं याचं त्याहून जास्त.

पण रडायला वेळ नव्हता. दुसरी पंगत बसायची होती आणि त्यात मुलाची आई, आत्या, काकू अशी सगळी मानाची माणसं होती. विणकर धावत आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"बुवा, वऱ्हाडात कुजबुज चाललीय. माझ्या पोरीला उद्यापासून त्याच घरात राहायचंय, पहिल्याच दिवशी बोलणं ऐकायला नको. एक मूठ वाढवा म्हणजे झालं."

बुवा आमटीच्या पातेल्यापाशी गेले. नेहमीप्रमाणे म्हणाले, "पाठ करा." सगळ्यांनी पाठ केली. बुवांनी मीठ उचललं आणि हाताकडे पाहिलं. बोटांच्या फटींतून मीठ गळत होतं. एक मूठ वाढवायची की दोन? आज कदाचित जमेलही. नाही जमलं तर टोमणे कोण ऐकणार? ती मुलगी. आपली शान राखायची म्हणून तिच्या संसाराची सुरुवात पणाला लावायची, हे त्यांना पटेना. त्यांनी हातातलं मीठ परत भांड्यात टाकलं.

"धाकट्या, वळ."

धाकटा वळला नाही. आपल्या ऐकण्यात चूक झाली असं त्याला वाटलं.

"अरे, वळ म्हणतोय. या आमटीत किती मीठ घालशील?"

"मला काय ठाऊक, बुवा? मी कधी बघितलंय?"

"मग काय करशील?"

धाकटा घाबरत म्हणाला, "नैवेद्य तर केव्हाच झालाय. चाखून बघीन."

इतकी साधी गोष्ट, आणि बुवांना ती उभ्या जन्मात सुचली नव्हती. त्यांनी पळी धाकट्याच्या हातात दिली. आणि धाकट्याने मिठाच्या भांड्यात हात घातला तेव्हा बुवांनी आपणहून पाठ केली. ते पाहून धाकट्याचे डोळे भरून आले, पण त्याने लक्ष आमटीवरच ठेवलं. चाखली, मीठ घातलं, पुन्हा चाखली आणि बुवांच्या तळहातावर थोडी वाढली.

बुवांनी ती चाटून पाहिली. "चांगली झालीय," ते म्हणाले. दुसरी पंगत पोटभर जेवली आणि मुलाच्या आईने आमटी मागून घेतली.

त्या दिवसापासून बुवांनी काम सोडलं. सोडलं खरं, पण सकाळ झाली की करायचं काय हे कळेना. ते घरातल्या चुलीपाशी लुडबूड करू लागले. कांदा असा चीर, फोडणी तशी घाल. बायकोने दोनचार दिवस ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "अहो, मी इतकी वर्षं रांधतेय, तेव्हा तुम्ही कुठे होतात? जरा पाय मोकळे करून या." बुवा ओट्यावर जाऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच हाका मारत.

पुढे एका घरी बारसं होतं. स्वयंपाक धाकट्याचा होता. बुवांना पाहुणा म्हणून बोलावणं आलं आणि ते पहिल्यांदाच पंगतीला बसले. जेवले, धाकट्याची पाठ थोपटली. घरी जाऊन तरी काय करायचं, म्हणून तिथेच रेंगाळले. म्हणून त्यांना शेवटची पंगत दिसली.

तिला पंगत तरी कसं म्हणायचं? पाणी आणणारे, भांडी घासणारे, सनई-चौघडेवाले आणि पोळ्या लाटणाऱ्या बायका पातेल्यांच्या आसपास जागा मिळेल तिथे बसले होते. भात खरवडून काढलेला, आमटी गार झालेली, पोळ्यांचे तुकडे. त्यांच्यातच बुवांची बायकोही होती. ती पहाटेपासून लाटत होती आणि आता भिंतीला टेकून गार भात खात होती.

आपण घरी दहीभात खाऊन झोपत होतो, तेव्हा ही रोज अशी जेवत होती. बुवांनी तिला कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यांनी चूल फुंकली, आमटी तापवली, धाकट्याला हाक मारून ताजा भात टाकायला लावला. सगळ्यांना ओळीने बसवलं, प्रत्येकापुढे स्वच्छ पान मांडलं आणि कंबर वाकवून वाढायला लागले. बायको उठायला लागली.

"अहो, तुम्ही कशाला? मी वाढते."

"तू बस," बुवा म्हणाले आणि तिच्या भातावर तूप वाढलं.

ती जेवली. सावकाश, पोटभर जेवली. जेवून झाल्यावर म्हणाली, "कार्याच्या घरी गरम जेवायची माझी ही पहिलीच वेळ."

तेव्हापासून गावात कुठेही कार्य असो, शेवटची पंगत आचारीबुवांची. तिच्यासाठी वेगळं पातेलं चढू लागलं. कुणाला दात नाहीत, कुणाला तिखट सोसत नाही, कोण लाजून मागत नाही, हे बुवांना तोंडपाठ झालं. ओट्यावर बसून लोकांना हाका मारायला त्यांना आता सवड नव्हती.

एकदा परगावच्या पाहुण्याने त्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही इथले आचारी का?"

"नाही," बुवा वाढता वाढता म्हणाले. "स्वयंपाक मी जन्मभर केला. माणसांना जेवू मात्र आता घालतोय."

तात्पर्य काय, तर हातातली पळी योग्य वेळी दुसऱ्याच्या हाती द्यावी. काम तिथे संपत नाही. इतके दिवस कामाच्या गडबडीत जी माणसं दिसली नाहीत, ती तेव्हा दिसू लागतात.