गेनबानं पिसांचा चोर धरला

लई जुनी गोष्ट हाय. किती जुनी ते विचारू नका. मला म्हाईत न्हाई, आन जो साल सांगतो तो थापा मारतो. आमच्या माळवाडीत तवा गेनबा बुरूड राहायचा. कोंबड्या झाकायची बांबूची डालगी विणायचा. त्याच्या डालग्यावर हत्ती बसला तरी ते दबायचं न्हाई, असं म्हणतात. हत्ती कुणी आणला व्हता, ते मातूर कुणी सांगत न्हाई.

त्या साली दादू शेळक्यानं कोंबडीची साठ पिल्लं काढली. पिल्लं दीड महिन्याची झाली आन एक दिस दादू बघतो तर चार पिल्लांच्या पाठी उघड्या. शेपटापाशी रगत. दुसऱ्या दिशी धा पिल्लं तशी. मांजर म्हणावं तर पिल्लू मेलेलं न्हाई. मुंगूस म्हणावं तर पिल्लं साठच्या साठ. आन डालग्याखाली एक पीस पडलेलं न्हाई! मग पिसं गेली कुठं?

गेली म्हंजी कुणीतरी नेली. नेली म्हंजी करणीला नेली. गावाचं डोकं असंच पळतं.

शेजारी सोनका राहायची. नवरा मेलेला, मागंपुढं कोण न्हाई. असल्या बाईवर बोट दाखवायला काय लागतंय? चार दिसांमागं ती कुडावरनं म्हणाली व्हती, "दादू, पिल्लं लई दाटलीत रं." झालं! दादूच्या बायकोनं गावभर केलं, "दाटलीत म्हणाली! माझं भरलं डालगं हिच्या डोळ्यात खुपलं!"

मग गाव सोनकाच्या घरात घुसलं. उतरंड उपसली, उशी फाडली. उशीत कापूस निघाला. तर म्हणाले, बघा, कसली हुशार हाय, पिसं पुरून ठेवलीत. दादूनं दारात उभं राहून सांगितलं, "बाजाराच्या दिशी गाव सोडायचं. न्हाईतर घर पेटवीन."

गेनबाचं टाळकं फिरलं. "अरं, सगळे बाईकडं बघताय. पिल्लांकडं कुणी बघितलं का?"

"तू तिचा कोण रं?" दादू म्हणाला.

"कोण न्हाई. पर डालगं माझं हाय. माझ्या डालग्यातनं चोर पिसं नेतो, म्हंजी माझी वीण खोटी. ते मी ऐकून घ्यायचा न्हाई."

त्यानं एक पिल्लू धरलं, फुंकर मारून पिसं फाकवली. ऊ न्हाई, पिसू न्हाई. मग डालगं उचललं आन स्वतःच आत जाऊन बसला. बाजाराला तीन दिस व्हते. तीन दिस गेनबा आत. पाणी न्हाई, भाकरी न्हाई, पापणी बी हलवली न्हाई, असं म्हणतात.

बाजाराच्या दिशी सोनका गठुडं बांधून उंबऱ्यात बसली. सगळं गाव दादूच्या परड्यात जमलं. डालगं उचललं, तर गेनबाची अर्धी मिशी गायब!

"ही मिशी बी सोनकानं नेली का रं, दादू?"

गेनबा अंग झाडत बाहेर आला.

"तुझ्याच पिल्लांनी उपटली. उपटली आन गिळली. पिसं बी तिथंच गेलीत, एकमेकांच्या पोटात. साठ पिल्लं एका डालग्याखाली कोंबलीस, ते बी उन्हात. खायाला नुसता कोंडा. उकरायला माती न्हाई. कोवळं पीस फुटतं ते रगतानं भरलेलं. एकानं उपटलं, की लाल दिसलं, की समदी तिथंच टोचत बसतात. बाई 'दाटलीत' म्हणाली ती खरं बोलली. तुला नजर ऐकू आली."

मग गेनबानं टोचलेली पिल्लं निराळी काढली. करंजाच्या तेलात काजळी कालवून त्यांच्या जखमा काळ्या केल्या, लाल दिसाया नको म्हणून. बाकीची सहा डालग्यांत वाटून सावलीला ठेवली. लोळायला राख-माती टाकली, राजगिऱ्याची जुडी उंच टांगली, टोचा म्हणाला हिला. शेणकाडी भरलेलं मडकं पालथं घालून वाळवी धरली आन ती खायाला घातली. नवव्या दिशी पिल्लांना अशी पिसं फुटली, की गेनबाच्या ओठावर बी मिशीच्या जागी एक तांबडं पीस उगवलं, असं म्हणतात.

सोनकानं गठुडं सोडलं. ती मरेपातूर माळवाडीतच राहिली. दादूशी मातूर बोलली न्हाई, आन बरोबर केलं.

अजून बी आमच्यात कुणाचं पिल्लू बोडकं झालं, की ज्याला कुणाचं नाव घ्यायचंय त्यानं आधी पिल्लांजवळ बसायचं, सकाळपासनं सावली पायाखाली येईपातूर. त्याला गेनबाची बैठक म्हणतात. बायका बसतात, सरपंच बी बसलाय. संशय सुटतो असं न्हाई. माळवाडीची माणसं हाईत, तो सुटायचा न्हाई. पर बसल्याबिगर कुणी नाव घेतलं, तर ऐकणारा पुढ्यातला चहा तसाच टाकून उठतो.